स्टेजवर ठेवलेला माणूस

सकाळी जळणारा कचरा टाकायला खाली गेले आणि पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. वास आला. किन्मोकुसेइचा. आमच्या इमारतीच्या मागे या झाडांची एक रांग आहे. वर्षभर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, शेजारच्या सायकलींची रांग तिच्यापेक्षा देखणी दिसते. आणि मग दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी, कुणीतरी मुरंब्याची बरणी उघडून विसरून गेल्यासारखी टोकियोतली आमची अख्खी निशी-कसाई दरवळायला लागते. फुलं बघाल तर केवढीशी, मोहरीची थोरली बहीण म्हणावी इतकी, केशरी. दोन दिवसांत खाली सडा पडतो आणि सायकलींच्या चाकांना चिकटून गावभर जातो. लोकांना म्हणे या वासानं प्रसन्न वाटतं. वाटत असेल बाई. माझं डोकं फिरतं.

वर आले तर फोनवर इथल्या मराठी मंडळाचा निरोप येऊन पडलेला. हात जोडलेले, फुलं, फुगे, आणि मधे लिहिलेलं: यंदाही आपला सर्वसमावेशक क्रीडा महोत्सव! सर्वसमावेशक. हा शब्द उच्चारताना जीभ तीनदा ठेचकाळते, आणि तरी आमच्या मंडळातल्या एकेकाच्या तोंडात तो पानाच्या विड्यासारखा फिरत असतो. चघळतात आणि पिचकारी टाकतात. मला तर वाटतं, जो शब्द इतका लांब असतो ना, तो बहुतेक काहीतरी झाकायलाच शिवलेला असतो.

तर हा शब्द मंडळात पहिल्यांदा आला, त्या वर्षीची गोष्ट. गोष्ट तरी कसली, एक ऋतू होता तो.

आमचे हे, म्हणजे घरातल्यांचे आणि गल्लीतल्यांचे अप्पा, साताऱ्याला बसच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. संध्याकाळी डेपोच्या मागच्या मैदानावर शूटिंग बॉल खेळायचे. तुम्हा शहरातल्यांना माहीत नसेल, आपल्याकडे गावोगाव खेळतात, मधे जाळी आणि दोन्ही मुठी जुळवून चेंडूला असा ठोसा की समोरचा माणूस बाजूलाच व्हावा. हे शूटर होते. हरले की घरी येऊन जेवायचे नाहीत, आणि जिंकले की जेवताना पंचाला शिव्या द्यायचे. म्हणजे माझ्या नशिबी काही ना काही होतंच. पुढे म्हातारपणी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ तेवढी थोडी बोबडी झाली. शिव्या मात्र स्पष्ट येतात, देवाची कृपा.

निखिलने, माझ्या मुलाने, आम्हाला इकडे आणलं. पोरगं गुणी आहे, पण सकाळी तोझाइ लाइनच्या लोकलच्या गर्दीत शिरतं ते दिवेलागणीनंतर परत येतं. सून मानसी जपानी उत्तम बोलते, तिचं कामच ते, एका कंपनीत दुभाषी आहे. आणि हे? हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दाढी नाही, बोलणं नाही. घरी कुणी आलं की आणखी वाईट. पुण्या-मुंबईची शिकलेली मुलं, यांच्या समोर बसून मला विचारायची, "काकू, काका चहा घेतात का?" अरे, विचार ना त्यांनाच! हातपाय गेलेत, कान कुठे गेलेत? पण नाही. खुर्चीला चाकं लागली की माणसाचं सामान होतं. सामानाला कुणी विचारतं का, तुला कुठे ठेवू म्हणून?

क्लब मानसीनं शोधला. आमच्या वस्तीतली एक शाळा मुलं कमी झाली म्हणून बंद पडली, तिच्या इमारतीत तो चालतो. हिराइ-सान म्हणून निवृत्त व्यायामशिक्षक आहेत, त्यांनी सुरू केलेला. तरुणपणी ते जर्मनीत कुठल्याशा गावी शिकायला होते. तिथे म्हणे गावाचा एकच मोठा क्लब. पोहणं तिथेच, फुटबॉल तिथेच, आज्यांचा व्यायाम तिथेच, आणि खेळून झालं की सगळे एकाच ठिकाणी बसून खाणार. पांगळे, आंधळे, पोरंटोरं, पहिलवान, सगळ्यांना दार एकच. मागच्या बाजूनं वेगळं दार नाही. हिराइ-सान हे सांगताना 'एकच दार' असं बोट वर करून म्हणतात. त्या जर्मन क्लबचा जुना फोटो प्रवेशदाराशी लावलाय. मी काही जर्मनी बघितली नाही, आणि आता बघणारही नाही, पण त्या फोटोत एक बाई खुर्चीवरून कुणावर तरी खेकसताना दिसते. तेवढ्यावर मला ते गाव आवडलं.

इथल्या क्लबातही तसंच. दारं रुंद, चढ इतका सावकाश की चढतोय हे कळतही नाही. (आमच्या साताऱ्याच्या सोसायटीतही चढ केलाय, ज्येष्ठ नागरिकांसाठी. खंबाटकीचा घाट परवडला. त्याच्यावर आता सेक्रेटरीच्या बायकोच्या तुळशीच्या कुंड्या असतात.) जमिनीवरच्या रेषा पायाला कळतील अशा उंच केलेल्या. शिट्टीबरोबर दिवा लागतो, ऐकू न येणाऱ्यांसाठी. आणि आत जाताना आपण बूट बदलतो तशी खुर्चीची चाकंही ओल्या फडक्यानं पुसायची. मला मोठी गंमत वाटली. म्हटलं, चला, खुर्चीलाही पाय धुवून घरात घेतात.

पहिल्या दिवशी मी फडकं घेऊन वाकले तर एक म्हातारी आडवी आली. ओकामोतो-सान. नदीकाठच्या जुन्या वस्तीतली, जन्मभर तोफूचं दुकान चालवलेलं. एक पाय गुडघ्याखाली नकली. तिनं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि यांच्या मांडीवर टाकलं. काहीतरी म्हणाली. मानसी हसायला लागली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, चाकं कुणाची आहेत?"

यांनी तिच्याकडे असं बघितलं की मला डेपोचं मैदान आठवलं. आणि डाव्या हातानं चाक पुसलं.

खेळ म्हणाल तर बोच्चा. एक पांढरा चेंडू टाकायचा आणि आपापले लाल-निळे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे. बसून खेळा, उभ्यानं खेळा, कसंही. पहिल्यांदा हे म्हणाले, "हा काय खेळ आहे? बायका पडवीत गजगे खेळतात तसला." दुसऱ्या खेपेला म्हणाले, "डावा हात अजून बसला नाही." तिसऱ्या खेपेला घरी येऊन मोज्यांचे गोळे करून पलंगावरून फेकत बसले. दर गुरुवारी क्लब. गुरुवारी सकाळी दाढी. मी काय सांगू, वस्तऱ्याचा आवाज ऐकून माणसाला रडू येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. घरात सगळे अप्पा म्हणतात म्हणून क्लबात ते अप्पा-सान झाले, आणि ओकामोतो-सान आणि एक निवृत्त बँकवाला यांच्या संघात बसले. नोव्हेंबरात क्लबची स्पर्धा असते, तिची तयारी चालू होती.

आणि नेमका तेव्हा पराग आला.

पराग म्हणजे आमच्या मंडळाचा अध्यक्ष. मुलगा तसा... छे, कशाला चांगलं म्हणू? चांगला असेल त्याच्या आईला. ऑफिसच्या कामासाठी जर्मनीत राहून आलेला, आणि आपणच ती बांधून आल्यासारखा बोलतो. "काकू, तिकडे काय सिस्टीम आहे! डिसेबल्ड माणूस आणि आपण, काही डिफरन्सच नाही!" मी विचारलं, "तू गेला होतास का रे तसल्या क्लबात?" तर म्हणे, "नाही, वेळ नाही मिळाला, पण बाहेरून बघितलाय." बाहेरून! बाहेरून तर मी फुजीही बघितलाय.

तर मंडळाचा क्रीडा महोत्सव त्या वर्षी आमच्या क्लबात, कारण हॉल मोठा आणि 'इन्क्लुझिव्ह'. यांना कळलं तेव्हा यांचे डोळे लकाकले. आपल्या लोकांपुढे खेळायचं! कितीतरी दिवसांनी मराठीत भांडायला मिळणार!

"मी कुठल्या टीमात?" यांनी विचारलं.

पराग लहान मुलाशी हसावं तसा हसला. "अप्पा, तुम्ही आता आराम करायचा. तुम्ही आमचे चीफ गेस्ट. तुम्ही आमचं इन्स्पिरेशन!"

"पण मी खेळतो," हे म्हणाले.

"हो हो, नक्की!" पराग म्हणाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, अप्पांना शाल कुठल्या रंगाची आवडेल?"

दसरा आणि कोजागिरीच्या मधला रविवार. निखिल कामासाठी ओसाकाला गेलेला. किन्मोकुसेइ असा फुललेला की रस्त्यात श्वास जड व्हावा. हे पहाटेच तयार. खेळायचे बूट पिशवीत, आपला निळा चेंडू मांडीवर.

क्लबापाशी पोचलो आणि बघते तर काय, त्या सावकाश चढावर चपला! आपल्या लोकांच्या. बुटांची कपाटं आत भिंतभर रिकामी पडलेली, पण आपल्याला सवय देवळाच्या पायरीशी काढायची. उंबरा दिसला की पाय आपोआप मोकळे. कोल्हापुरी, सँडल, पोरांचे दिवे लागणारे बूट, वरपासून खालपर्यंत पसरलेले, आणि दाराच्या वर फलक, सर्वसमावेशक. मानसी एकेक उचलून बाजूला लावायला लागली, तिचा स्वभावच तसा. माझा तसा नाही. मी पायानं ढकलल्या. एक मोजडी थेट झुडपात गेली. भारी होती, जरीची. अजूनही आठवलं की बरं वाटतं.

आत शाळेचा जुना हॉल, त्याला शाळेला असतं तसं स्टेज. स्टेजला बाजूनं लावायचा एक लाकडी उतार आहे, चाकं असलेला, हिराइ-सानांनी मुद्दाम करून घेतलेला. तो त्या दिवशी पडद्यामागे ढकललेला. मी विचारलं तर मंडळातली एक मुलगी म्हणाली, "काकू, तो फोटोत येत होता. बॅनरचं 'सर्व' झाकलं जात होतं."

मी पुढे काही बोलायच्या आत परागनं माइक घेतला. "आता आपण विनंती करूया आपल्या आदरणीय अप्पांना... चला रे, चौघं या इकडे!"

चौघं आले. हे म्हणाले, "थांबा." दोघांनी मागचं धरलं, दोघांनी पुढचं. हे म्हणाले, "अरे, थांबा, मला..." पण माइकपुढे बोबड्या माणसाचं कोण ऐकतो? उचला, उचला, सांभाळून, हां! खुर्ची तिरकी झाली. उजवा हात बाजूला लोंबकळला, तो सावरायला डावा हात सोडावा तर खुर्ची सुटेल. मांडीवरचा चेंडू पडला आणि घरंगळत लोकांच्या पायांत गेला. टाळ्या. अशा टाळ्या, की यांनी आयुष्यात मारलेल्या कुठल्या ठोशालाही पडल्या नसतील. मग शाल आणि नारळ. शाल डाव्या खांद्यावरून अशी गुंडाळली की चांगला होता तो हातही गेला. नारळ मांडीवर. आणि पराग माइकवर म्हणाला, "अप्पांकडे बघितलं की आपल्याला आपल्या पायांची किंमत कळते!"

म्हणजे बघा. जन्मभर गाड्यांची इंजिनं उघडली, तीन गावांची मैदानं गाजवली, एक संसार केला, आणि शेवटी माणूस कशाला उपयोगी पडला? परागला स्वतःच्या पायांची किंमत कळायला.

आणि मग काय झालं माहीत आहे? मग खेळ सुरू झाले. लिंबू-चमचा, संगीतखुर्ची, सगळे धावले खाली. यांना उतरवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मी परागला हाक मारली, तो लांबूनच अंगठा दाखवून पळाला. त्याला वाटलं, काकू खूश आहेत. मानसी स्वयंपाकाच्या बाजूला अडकलेली. मी एकटी त्या उताराला मागून ढकलत होते, पण त्याच्यापुढे स्पीकर रचलेले. आणि खाली, स्टेजच्या अगदी समोर, मुलांनी बोच्चा मांडला. 'फन गेम' म्हणून. आमच्या यांचा निळा चेंडू एका गृहस्थाच्या हातात, तो त्याला क्रिकेटसारखा फिरकी देत होता. हे वरून बघत होते. शालीत गुंडाळलेले, नारळ सांभाळत. कुणीतरी मधेच येऊन त्यांच्याबरोबर सेल्फी काढून गेलं.

खाली आणलं ते त्याच चौघांनी, जेवून हात पुसत आल्यावर.

रात्री मी शाल घडी करायला घेतली तर हे म्हणाले, "भांडी पुसायला घे." आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढचा गुरुवार आला, दाढी नाही. त्याच्या पुढचा आला, नाही. मी म्हटलं, "अहो, क्लबातल्या लोकांनी काय केलंय? ते काय पराग आहेत?" तर म्हणाले, "सगळीकडे स्टेज असतं." निखिलनं समजावलं, मानसीनं समजावलं. गोडीनं बोललो तेवढे ते आणखी आत गेले. मला दिसत होतं, हा माणूस या वेळी गेला तर परत येत नाही. हात-पाय जाताना निदान वैद्य बोलावता येतो, हे जातं तेव्हा कुणाला बोलावणार? फुलं झडली. वास गेला. मधे कोजागिरीला मंडळानं मसाला दूध पाठवलं होतं, वर फोटोंचा दुवा. फोटोत 'सर्व' छान दिसत होतं.

दुसरा गुरुवार गेला आणि दोनेक दिवसांत बेल वाजली. दारात ओकामोतो-सान. जपानी माणसं सहसा न कळवता येत नाहीत, आलीच तर छोटासा खाऊ आणतात, वाकतात, माफी मागतात. हिनं यातलं काही केलं नाही. नकली पाय आपटत आत आली आणि यांच्या पलंगाशी उभी राहून बोलायला लागली. आवाज तोफू विकणाऱ्या बाईचा. मानसी भाषांतर करताना गडबडली.

"अप्पा, त्या म्हणतात... तुम्ही आला नाहीत. कळवलंही नाही."

हे भिंतीकडेच.

"त्या म्हणतात, आम्ही दोघंच खेळलो आणि हरलो. बालवाडीच्या बाईंच्या संघाकडून. आणि त्या म्हणतात, तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे?" हे वळले. हे वळले हो! "सांग तिला. मला उचलून नेलं चौघांनी. बोचक्यासारखं. सांग."

मानसीनं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. दया नाही, चुकचुकणं नाही. कपाळाला आठी घालून एकच वाक्य बोलली.

"काय म्हणाली?" हे.

"म्हणाल्या, मग शिवी का नाही दिलीत? आमच्याशी खेळताना तर देता."

"आपल्या लोकांत?" हे उसळून म्हणाले. "बायकामाणसं होती तिथे!"

"म्हणजे आम्ही बायका नाही का, असं विचारतायत."

मी स्वयंपाकघरात पळाले. मला हसू आवरेना आणि रडू आवरेना, आणि दोन्ही त्या बाईला दाखवायची माझी तयारी नव्हती. बाहेरून यांचा आवाज येत होता, बालवाडीवाल्यांनी पहिला चेंडू कुठे टाकला, तुम्ही लांब का मारला, मी असतो तर आडवा लावला असता, अक्कल नाही तुम्हाला. म्हातारी तिकडून तिच्या भाषेत. मध्येच मानसीचं भाषांतर बंद पडलं आणि कुणाला त्याची गरजही भासली नाही. जाताना ओकामोतो-सान दारात बूट घालत मला म्हणाली, "गुरुवार." एवढंच. ते जपानी मला येतं.

आता मी या मंडळाच्या निरोपाला काय उत्तर देऊ? पराग मला भेटला की अजून वाकून नमस्कार करतो. त्याला कळलेलंच नाही. कळणारही नाही, कारण तो वाईट माणूस नाही ना. वाईट माणसाला निदान आपण काय केलं ते ठाऊक असतं. या भल्यांचं काय करायचं? यांच्या पोतडीत शाली संपत नाहीत. आंधळ्याला शाल, विधवेला शाल, म्हाताऱ्याला शाल. एकदा पांघरली की पुन्हा विचारायला नको, तुला काय हवंय. मी तर म्हणते, जगातला सगळ्यात आळशी माणूस म्हणजे सत्कार करणारा. त्याला कुणाशी खेळावं लागत नाही. हरावं लागत नाही.

आणि आमचे हे त्या नोव्हेंबरात हरले. स्पर्धेत. सगळ्यांच्या देखत, तिसरीत शिकणाऱ्या एका पोरीच्या संघाकडून. शेवटचा चेंडू कुणाचा जवळ यावर भांडण झालं. हे म्हणाले माझा, पोरगी म्हणाली माझा, हिराइ-सान ओणवे होऊन मोजपट्टी लावून बसले. पोरीचा निघाला, केसभर. "लबाड आहे पट्टी!" हे ओरडले, आणि मग डेपोच्या मैदानावरची अशी एक शिवी हासडली की मानसीनं कानांवर हात ठेवले. पोरीला मराठी येत नव्हतं, पण अर्थ बरोबर पोचला असावा. तिनं जीभ काढून दाखवली.

त्या क्लबात रीत अशी की जो संघ हरतो त्यानं मैदान पुसायचं. लांब दांड्याचं, रुंद फडक्याचं पोतेरं असतं. बँकवाले गृहस्थ एक घेऊन एका टोकाला गेले. दुसरं ओकामोतो-साननं आणलं आणि यांच्या हातात दिलं. मी जागची उठले होते, ती तशीच बसले. यांनी दांडा डाव्या काखेत धरला, डावा पाय जमिनीला लावला आणि खुर्ची रेटत निघाले. तिरके जात होते, परत सरळ होत होते. मागे ओला पट्टा उमटत होता, वेडावाकडा. लोक चेंडू गोळा करत होते, बाटल्या भरत होते, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. भिंतीपर्यंत गेले, वळले, घामानं डबडबलेले, तोंडानं त्या पोरीचा उद्धार चालूच.

ओकामोतो-साननं हात लांब करून कोपरा दाखवला.

"अप्पा-सान, तिथे राहिलंय."

"दिसतंय मला!" हे मराठीत खेकसले, आणि खुर्ची वळवून कोपऱ्याकडे गेले.